तिसऱ्या दिवसाचं महाळुंग

आम्हा ज्यूंच्या मांडवांच्या सणाच्या तिसऱ्या दिवशी बुलावायोची गाडी झांबेझीवरचा पूल ओलांडून लिव्हिंग्स्टनच्या फलाटाला लागायची, तेव्हा झेलिग कापेल तिथे आधीपासून उभा असायचा. ऊन असं की फलाटावरची कुत्री पाण्याच्या टाकीखाली जीभ काढून पडलेली. आणि झेलिग मात्र काळा कोट, काळी गोल टोपी घालून वरातीला निघालेल्या नवरदेवासारखा ताठ. गार्ड डब्यातून उतरायचा, एक लाकडी पेटी त्याच्या हातात ठेवायचा आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारायचा.

"काय असतं हो यात?"

"महाळुंग."

"म्हणजे मोठं लिंबूच ना?"

 गार्डच्या सात पिढ्यांची कीव येत असल्यासारखा झेलिग बघायचा आणि पेटी छातीशी धरून निघायचा. स्टेशनपासून आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरापर्यंतचा रस्ता तो मुद्दाम लांबचा घ्यायचा, म्हणजे बाजारातून. एरवी घोंगड्या आणि सायकली विकणाऱ्या झेलिगकडे वर्षभर कोणी मान वळवून बघत नसे. त्या एका दुपारी सगळं गाव बघायचं.

आता या सणाचा नियम असा, की पहिल्याच दिवशी सकाळी महाळुंग हातात धरायचं, झावळी आणि डहाळ्यांबरोबर हलवायचं आणि देवाचे आभार मानायचे. झावळी नि डहाळ्या गावात जमवता येत. महाळुंग मात्र समुद्रापलीकडून केपटाउनला, तिथून बुलावायोला, आणि बुलावायोच्या बड्या मंडळींचं दोन दिवस धरून, हुंगून, हलवून झालं की त्यांच्या चार-पाचांतलं जे सगळ्यात मलूल झालं असेल ते आमच्याकडे. थोडक्यात, देवाच्या दरबारात लिव्हिंग्स्टन दर वर्षी उशिरा पोचायचं, आणि तेही दुसऱ्याचे कपडे घालून. वर निरोप असायचाच: 'पेटी परत पाठवावी.'

सण संपला की ते सुकलेलं फळ तॉइबे झागरकडे जायचं, मुरंब्यासाठी.

तॉइबेची खानावळ स्टेशनामागे होती. वर चार खोल्या, खाली लांबलचक टेबल. लिथुएनियातल्या चिखल आणि बदकं एवढंच पीक येणाऱ्या एका खेड्यातून ती नोखेम झागरचा फोटो बघून लग्नाला आली होती. फोटोत नोखेम एका उमद्या घोड्याला टेकून उभा होता. इथे आल्यावर कळलं, की घोडा फोटोग्राफरचा. "नवरा तरी तुझाच होता ना?" असं कोणी विचारलं की ती म्हणे, "हो, पण मला पसंत घोडा पडला होता." तरी नोखेमवर तिचा जीव होता. बैलगाडी घेऊन तो नदीच्या वरच्या अंगाला, लोझी लोकांच्या मुलुखात व्यापाराला जायचा. एका पावसाळ्यात नदीकाठचा ताप घेऊन आला आणि आठवड्यात गेला. तॉइबेनं मोजून सात दिवस जमिनीवर बसून शोक केला आणि आठव्या दिवशी चूल पेटवली. तेव्हापासून अख्खं गाव तिला मुमे म्हणायचं, म्हणजे मावशी. एकटा झेलिग नावानं हाक मारायचा, कारण तो तिच्याच खेड्यातला. चिखलात तिला ढकलल्याची आठवण त्याला होती; त्याला बदक चावल्याची तिला.

तिच्या स्वयंपाकघरात लुबिंदा होता. लोझी माणूस, तिच्याच वयाचा, नोखेमच्या बैलगाडीपासूनचा. झांबेझीतल्या खवल्यांच्या माशाचे गोळे तो असे वळायचा, की लिथुएनियाहून आलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. यिडिश शिव्या त्याला झेलिगपेक्षा शुद्ध येत. तॉइबे त्याला मान देऊन 'बो लुबिंदा' म्हणे. गावातल्या साहेबांना ते खटके, आणि ते खटकतं म्हणून ती जरा मोठ्यानं म्हणे.

एका वर्षी बुलावायोची एक बाई धबधबा बघायला म्हणून खानावळीत उतरली. अंगठ्या इतक्या, की काटा धरायला बोट मोकळं नाही. मासे खाता खाता ती झेलिगसकट सगळ्या टेबलाला प्रेमानं म्हणाली, "तिसऱ्या दिवशी का होईना, महाळुंग मिळतं ना तुम्हाला! आमची मंडळी म्हणतात, बिचाऱ्यांना पाठवलंच पाहिजे."

'बिचाऱ्यांना' हा शब्द तॉइबेनं गिळला, पण तो खाली उतरेना. तिनं बाईंना दुसरा गोळा वाढला, दुप्पट मिरी घालून. आणि त्या वर्षीच्या मुरंब्यातून काढलेल्या बिया फेकून न देता मागच्या अंगणात पेरल्या.

एक उगवली.

मग सुरू झाली ती लढाई. पहिली पानं शेजारच्या शेळीनं खाल्ली. दुसरी वाळवीनं. ऑक्टोबरात तॉइबे स्वतःच्या आंघोळीचं पाणी झाडाला घालायची, आणि पाहुण्यांच्याही. त्यामुळे तिच्या खानावळीत साबण जपून वापरायचा दंडक होता. लुबिंदा पारावर बसल्यासारखा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून गंमत बघायचा.

"मुमे, त्या कुंपणापलीकडे लिंबाचं झाड आहे. वर्षभर लिंबं पडून कुजतात. त्यांना कोणी काळा कोट घालून भेटायला जात नाही."

"बो लुबिंदा, तुमचा राजा पूर आला की होडीतून वाजतगाजत वाड्यावर जातो. त्याला घोड्यावरून जा म्हटलं तर जाईल?"

लुबिंदानं विचार केला. "नाही. होडीच पाहिजे."

"मग मला महाळुंगच पाहिजे."

हे त्याला पटलं. दुसऱ्या दिवसापासून शेळीवर दगड तो मारू लागला.

वर्षं गेली. झाड तॉइबेच्या डोक्यावर गेलं, काटे आले, पण फळाचं नाव नाही. आणि मग गव्हर्नरनं बिऱ्हाड उचलून लुसाकाला नेलं. आमच्या गावातली राजधानी गेली, तसे कारकून गेले, कारकुनांमागे दुकानदार गेले. शनिवारच्या प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवताना मेंडे ट्रापिडोला घाम फुटू लागला. मेंडे म्हणजे आमच्या समाजाचा अध्यक्ष. गुरांचा मोठा व्यापारी, उग्र बैलाला शिंगाला धरून बसवायचा, पण दोन माणसं भांडू लागली की हा दार शोधायचा. त्याच सुमारास बुलावायोहून निरोप आला: यंदा महाळुंग पाठवतो, पुढच्या वर्षीपासून जमणार नाही. तुम्ही असे कितीसे उरलात?

प्रार्थनाघरात हा निरोप वाचला गेला तेव्हा झेलिग खाली बघत होता. फलाटावरची त्याची शेवटची दुपार ठरली होती. बायकांच्या बाकावरून तॉइबे उठली.

"यंदा माझ्या झाडाला एक फळ धरलंय," ती म्हणाली. "एकच आहे. पण आहे."

मेंडेचा चेहरा उजळला. झेलिगचा नाही. "कुणाच्या झाडाला काय धरलंय," तो म्हणाला, "ते मी बघितल्याशिवाय महाळुंग होत नसतं." तरुणपणी त्यानं दोन वर्षं धर्माच्या पाठशाळेत काढली होती. बाकी कोणी तेवढीही काढली नव्हती, त्यामुळे लिव्हिंग्स्टनपुरता तोच पंडित.

"पिकू दे. मग बघ," तॉइबे म्हणाली.

पण पिकेपर्यंत ते टिकायला हवं होतं. आंबे अजून कच्चे होते आणि नदीकाठची माकडं उपाशी. एक म्होरक्या रोज सकाळी कुंपणावर येऊन बसायचा आणि त्या एका फळाकडे असा बघायचा, की जणू बुलावायोनं त्यालाच नेमलंय. तॉइबेनं जाळी बांधली, त्यानं सोडली. लुबिंदा डबा वाजवायचा. माकडाला ताल आवडू लागला.

"साप पाहिजे," लुबिंदा म्हणाला. "माकड फक्त सापाला भितं."

"आता साप कुठून आणू? पाळू?"

लुबिंदा वर गेला आणि नोखेमच्या पेटीतून एक टाय घेऊन आला. हिरवा, त्यावर पिवळे ठिपके. नोखेमनं तो जन्मात एकदाच घातला होता आणि त्या दिवशी रस्त्यातला एक घोडा बुजला होता. फांदीवर वेटोळं घालून, टोक खाली लोंबतं ठेवून लुबिंदानं तो असा बांधला, की तॉइबे स्वतः दोन पावलं मागे सरली. म्होरक्या आला, त्यानं बघितलं, एक किंकाळी फोडली, आणि त्याचं सगळं गणगोत मारांबाच्या ओढ्यापर्यंत पळत गेलं.

गोष्ट इथेच संपली असती, पण तो टाय नोखेमला वाढदिवसाला दिला होता झेलिग कापेलनं.

झेलिग कुंपणाबाहेरून चालला होता. थांबला. चष्मा पुसला.

"तॉइबे! तो माझा टाय आहे!"

"नोखेमचा आहे."

"मी दिलेला! खास जोहान्सबर्गहून मागवलेला! तू तो झाडाला बांधलास?"

"नोखेमच्या गळ्यात कधी इतका शोभला नव्हता रे."

"माझ्या भेटीला माकडं घाबरतात म्हणून गावभर सांगशील तू!"

"मी कशाला सांगू? माकडंच सांगताहेत."

झेलिग पाय आपटत गेला. त्यानंतर तो भेटेल त्याला सांगू लागला, की तॉइबेच्या झाडाला लागलंय ते लिंबू आहे. मोठं, गर्विष्ठ लिंबू.

सणाच्या आधी मेंडेनं फळाची तपासणी ठेवली. अख्खा समाज अंगणात, म्हणजे आता उरलेला. झाडावर फळ पिवळं झालेलं, खडबडीत, वासानं अंगण भरलेलं. झेलिग दोन भिंगं घेऊन आला.

"हे लिंबू आहे," त्यानं भिंग काढायच्या आधीच सांगितलं.

"बरं," तॉइबे म्हणाली. "याची बी कुठली, माहीत आहे? तू स्टेशनवरून आणलेल्या महाळुंगाची. मी मुरंबा केला, बी पेरली. हे लिंबू असेल, तर याची आजीही लिंबूच. म्हणजे तू इतकी वर्षं काळा कोट घालून, ताठ मानेनं, बाजारातून लिंबू मिरवत होतास."

अंगणात कोणीतरी खोकलं. मेंडे आभाळाकडे बघू लागला. झेलिग मग पंडितासारखा दुसऱ्या दारानं शिरला.

"बी शुद्ध असेल. पण कलम? या देशात झाड दिसलं की जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर कलम करतात. कलमाचं महाळुंग चालत नाही. बुंध्याला गाठ असेल तर संपलं."

"शोध गाठ."

झेलिग कोट काढून, गुडघ्यांवर बसून, काट्यांखाली शिरला. बुंधा वरून खाली चाचपला. मग खालून वर. गाठ सापडली नाही, मुंग्या सापडल्या. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मानेवर लाल गांध्या उठल्या होत्या आणि लुबिंदा त्याला अत्यंत अदबीनं रॉकेलचं फडकं देत होता.

"टोकाचं बोंड बघ," मेंडे हळूच म्हणाला, कारण महाळुंगाच्या टोकाचं ते नाजूक बोंड मोडलं की फळ बाद. झेलिगनं भिंग लावलं. बोंड शाबूत होतं. त्याच्याच टायची सावली त्यावर पडली होती.

"दोष," झेलिग म्हणाला, आणि दुसऱ्या भिंगातून पुन्हा एकदा बघितल्यावरच, "दिसत नाही."

"म्हणजे महाळुंग?" मेंडेनं विचारलं.

"मी म्हटलं, दोष दिसत नाही. जास्त काही म्हटलं नाही." तो कोट झटकून निघाला. फाटकाशी वळून म्हणाला, "आणि पहिल्या दिवशी फळ स्वतःच्या मालकीचं लागतं, हे विसरू नका. उसनं चालत नाही. हे तॉइबेच्या मालकीचं आहे. ज्याला धरायचंय त्यानं तिच्याकडून भेट मागावी. मी मागणार नाही. बुलावायोचं येईल तिसऱ्या दिवशी, मी ते धरीन."

ही अडचण जुनीच, आणि तिच्यावरचा तोडगाही जुना. एकच महाळुंग असलं की मालक ते दुसऱ्याला भेट देतो, 'परत देण्याच्या अटीवर'. घेणारा क्षणभर खरा मालक होतो, आशीर्वचन म्हणतो आणि परत भेट देतो. अख्खं गाव एका फळावर मालक होऊन जातं. फक्त एक गोष्ट लागते: देणाऱ्यानं मनापासून द्यावं आणि घेणाऱ्यानं हात पुढे करावा.

सणाच्या आदल्या दिवशी तॉइबेनं फळ उतरवलं. लुबिंदानं टाय सोडला. तॉइबेनं तो धुऊन, इस्त्री करून त्याची घडी घातली, आणि बराच वेळ ती घडी हातात धरून बसली.

"काय विचार करता, मुमे?"

"तो उद्या हात पुढे करणार नाही, बो लुबिंदा."

"मग न करू देत. फळ तर झालं."

"तो नसेल तर काय मजा? हे ज्याच्यासाठी केलं, त्यातला अर्धा तो आहे."

"आणि अर्धा?"

"बुलावायोची ती बाई."

पहिल्या दिवशी सकाळी आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात आयुष्यात पहिल्यांदा सणाच्या दिवशी महाळुंगाचा वास होता. पुरुष रांगेत उभे राहिले, मेंडे सगळ्यात पुढे. झेलिग खिडकीजवळच्या त्याच्या जागी बसून पोथीत डोकं घालून होता. पोथी उलटी नव्हती, एवढीच त्याची अब्रू. तॉइबे बायकांच्या बाकावरून उठली, फळ दोन्ही हातांत घेऊन. मेंडेनं हात पुढे केला. ती त्याच्या शेजारून सरळ पुढे गेली आणि खिडकीशी थांबली.

"झेलिग. हे तुला भेट."

झेलिगनं वर बघितलं. "परत देण्याच्या अटीवर?"

"अट नाही. भेट म्हणजे भेट. हे तुझं."

मेंडेच्या तोंडून बैल हाकताना काढायचा आवाज निघाला. कारण तॉइबेनं स्वतः अजून फळ हलवलं नव्हतं. कोणीच नव्हतं. आता झेलिगनं ते खिशात घालून घरी नेलं असतं, तरी धर्मानं त्याला कोणी अडवू शकलं नसतं.

"तॉइबे, वेड लागलंय तुला?" झेलिग कुजबुजला. "मी म्हटलं, हे लिंबू आहे, तर?"

"म्हण ना. इथे, सगळ्यांसमोर. तू या गावचा पंडित. पण हात लावून, वास घेऊन म्हण."

"तू मला कोंडीत पकडतेस."

"याची आजी तू आणलीस. माकडांपासून राखलं तुझ्या टायनं. मी नुसतं पाणी घातलं, तेही पाहुण्यांचं. मग हे कुणाचं म्हणायचं?"

झेलिगनं फळ घेतलं. नाकाशी धरलं. त्या खेड्यातल्या चिखलाचा, बदकांचा, आजोबांच्या थरथरत्या हातांचा वास त्यात होता की काय कोण जाणे; त्याचा चष्मा धुकटला. मग तो उभा राहिला, झावळी घेतली, आणि लिव्हिंग्स्टनमधलं पहिल्या दिवसाचं पहिलं आशीर्वचन खणखणीत आवाजात म्हणाला. वर आणखी एक म्हणाला, या घटकेपर्यंत जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानायचे असतात ते. ते मात्र त्याला दोनदा सुरू करावं लागलं.

आणि मग त्या माणसात मालक शिरला.

"मेंडे, पुढे ये. भेट देतो, परत देण्याच्या अटीवर. ऐकलंस ना? अटीवर! अरे, बोंडाला बोट लावू नको! बैल आहे का तो? दोन हात! दे आता. पुरे झालं. पुढचा कोण? हात पुसले का? काल लसूण सोलला असशील तर लांबूनच आशीर्वचन म्हण."

अख्खी रांग संपेपर्यंत त्यानं एकेकाला असं सळो की पळो केलं, की दोघं जण म्हणाले, यापेक्षा बुलावायो बरं. शेवटी तॉइबे उरली. झेलिग तिच्यासमोर उभा राहिला.

"भेट देतो," तो म्हणाला, आणि थांबला.

"अटीवर?" तॉइबेनं विचारलं.

"तुला कसली अट घालायची? अट घालून तू आजवर काय ऐकलंयस? घे. तुझंच आहे."

तिनं ते घेतलं. आशीर्वचन म्हटलं. तिच्या आवाजात एरवीचा मिरीचा तिखटपणा नव्हता, आणि तेवढं एक सोडलं तर कोणाला काही वेगळं जाणवलं नाही. बाहेर पायरीवर लुबिंदा ऐकत होता. तो मात्र म्हणतो, की मुमे रडली. मुमे म्हणायची, झेलिगच्या मानेला अजून रॉकेलचा वास होता.

तिसऱ्या दिवशी बुलावायोची गाडी आली. झेलिग फलाटावर होता, काळा कोट, काळी टोपी, आणि गळ्यात हिरवा टाय, पिवळ्या ठिपक्यांचा, कडक इस्त्रीचा. पाण्याच्या टाकीवर बसलेली माकडं तो आल्या आल्या किंचाळत यार्डापलीकडे गेली होती. पाठीमागे तॉइबे, मेंडे आणि निम्मा समाज. कोणालाही काम नव्हतं.

गार्डनं पेटी पुढे केली. टायकडे बघून त्याचा हात जरा मागे गेला.

"हे तुमचं लिंबू."

"परत न्या," झेलिग म्हणाला.

"परत? उघडून तरी बघा!"

"गरज नाही. आमचं पहिल्या दिवशीच झालं. घरचं होतं." त्यानं टोपी सारखी केली आणि आवाज असा चढवला, की डब्यातल्या प्रवाशांनी खिडक्यांतून डोकी काढली. "आणि बुलावायोच्या मंडळींना माझा निरोप सांगा. पुढच्या वर्षी त्यांना अडचण पडली, तर संकोच करू नये. बिचाऱ्यांना पाठवलंच पाहिजे. आम्ही पाठवू."

तो वळला, दोन पावलं चालला आणि परत मागे आला.

"तिसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "आणि पेटी परत पाठवावी."